जुन्या पिकअपची उंची वाढवताना : पाटे, चाके आणि पासिंगचा हिशेब

कुंभारी (ता. दक्षिण सोलापूर) : सोलापूरहून अक्कलकोटच्या दिशेने निघाले, की शहराची वस्ती मागे पडताच कुंभारी लागते. विडी कामगारांच्या घरकुलांमुळे हे गाव राज्याला ठाऊक झाले. २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरे कामगारांच्या हाती आली आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरमधील पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या देण्यात आल्या. या वस्त्यांना आणि सोलापूरच्या बाजारपेठेला लागणारा भाजीपाला, कांदा, चारा आसपासच्या शिवारातून येतो. महामार्ग चौपदरी झाला असला, तरी शेतमालाचा प्रवास सुरू होतो तो पाणंदीतून, आणि पाणंदीला चौपदरीकरणाची बातमी अद्याप कळलेली नाही.

या वाटांवर आजही जुन्या फोर व्हील ड्राइव्ह पिकअप गाड्यांना मान आहे. महिंद्राच्या जीपवर आधारलेल्या पिकअप, बोलेरो कॅम्परची चारही चाकांना गती देणारी आवृत्ती, टाटांची झेनॉन अशा गाड्या दहा-पंधरा वर्षे वापरूनही विकायला मालक सहसा तयार होत नाहीत. पावसाळ्यात काळ्या रानातून माल बाहेर काढण्याची खात्री या गाड्या देतात. परंतु वय झाले, की गाडी मागून बसते, हौद्यात माल भरला की ॲक्सल रबरी बंपरवर आदळू लागतो, चाकोरीच्या मधला उंचवटा खालून घासतो. मग गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो ‘गाडी उचलून घ्या’ असा. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांमधील उंच गाड्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर फिरत असल्याने या सल्ल्याला तरुण मालकांकडून लगेच होकारही मिळतो.

गाडी उंच करणे हे काम वाटते तितके सरळ नाही. त्यात पैसा आहे, जीव आहे आणि कायदाही आहे. मुळात उंची वाढवण्याची गरज आहे, की हरवलेली उंची परत मिळवण्याची, याचा निर्णय आधी व्हायला हवा.

गाडी बसली आहे का, हे आधी मोजा

त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. सपाट फरशीवर किंवा सिमेंटच्या रस्त्यावर गाडी उभी करावी. हौदा रिकामा, चारही चाकांत हवा योग्य दाबाची आणि इंधनाची टाकी साधारण अर्धी असावी. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने चारही बाजूंनी मोजून लिहून ठेवावे. मडगार्डपर्यंत मोजल्याने टायर झिजलेला की नवा, हा मुद्दा हिशेबातून निघून जातो. त्याच प्रतीच्या, पाटे चांगले असलेल्या दुसऱ्या गाडीची मापे मिळाल्यास तुलना सोपी होते. डाव्या-उजव्या बाजूत स्पष्ट फरक आढळला, तर एखादा पाटा तुटलेला, बुश संपलेला किंवा मधला सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलेला असण्याची शक्यता असते. अशा गाडीला उंचीचे किट बसवणे म्हणजे तडा गेलेल्या भिंतीवर मजला चढवणे होय.

नेहमीचा माल भरून हीच मापे पुन्हा घ्यावीत आणि ॲक्सल व त्यावरील रबरी बंपर यांच्यात किती जागा उरते, ते पाहावे. रिकाम्या गाडीत भरपूर जागा आणि भरल्यावर शून्य, असे असेल तर दुखणे उंचीचे नसून पाट्यांच्या ताकदीचे किंवा मालाच्या वजनाचे आहे.

बऱ्याच जुन्या गाड्यांत नव्या पाट्यांचा संच, नवे बुश आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर एवढ्यावर काम भागते. पाट्यांची कमान उतरल्यामुळे गेलेली उंची मूळ प्रतीचे पाटे घातले की परत येते. ही उंची कंपनीनेच दिलेली असल्याने ब्रेक, प्रोपेलर शाफ्ट, स्टिअरिंग कशालाच हात लावावा लागत नाही. पासिंगच्या वेळी खुलासा करण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

येथे एका प्रचलित उपायाचा उल्लेख करावा लागेल. रस्त्याकडेला पाट्यांची कामे करणाऱ्या दुकानांतून जुनेच पाटे ठोकून कमान काढून दिली जाते. खर्च कमी आणि काम अर्ध्या दिवसाचे. मात्र पाट्याचे पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून कणखर केलेले असते. भट्टीत लाल करून ठोकलेल्या पाट्याला ही प्रक्रिया नीट परत दिली नाही, तर त्याचा कणखरपणा जातो. तो काही महिन्यांत पुन्हा बसतो किंवा ठिसूळ होऊन तुटतो. रिकाम्या गाडीत तुटला तर निभावते; भरलेल्या गाडीत मुख्य पाटा डोळ्यापाशी तुटला, तर ॲक्सल तिरपा होतो आणि गाडी चालकाच्या ऐकण्यात राहत नाही.

सर्वांत मोठा गैरसमज

पाणंदीतील चाकोरीत गाडी अडते ती बहुधा डिफरन्शियलच्या गोळ्यावर. चाके दोन्ही चाकोऱ्यांत उतरलेली असतात आणि मधला वाळून दगड झालेला उंचवटा ॲक्सलच्या मधोमध असलेल्या या गोळ्याला अडतो. म्हणून गाडी उंच करावी, असे मालकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सरळ, अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत पाटे वाढवल्याने हा गोळा एक केसभरही वर जात नाही. पाटे ॲक्सलवर टेकलेले असतात; त्यांची उंची वाढली की चासी, केबिन आणि हौदा वर जातो. ॲक्सल चाकांच्या मध्यावरच राहतो. तो वर न्यायचा तर चाकच मोठे हवे.

मोठ्या चाकाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. २१५/७५ आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर भरतो. २३५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर. व्यासात ३० मिलिमीटरची वाढ झाली, तरी ॲक्सल निम्म्यानेच, म्हणजे १५ मिलिमीटरच वर जातो. अर्ध्या पेराएवढ्या या लाभासाठी चार, आणि जादाचे धरून पाच टायर घ्यावे लागतात. शिवाय परिघ सुमारे चार टक्क्यांनी वाढल्याने स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ ते ६३ च्या वेगाने धावत असते, आणि तेवढ्याच प्रमाणात इंजिनाची ओढ कमी होते. चढावर क्लच जास्त दाबून ठेवावा लागतो. चारही चाके एकाच मापाची असणे फोर व्हील ड्राइव्हमध्ये अनिवार्य आहे. पुढे जुने आणि मागे मोठे असे केल्यास कडक जमिनीवर ट्रान्सफर केसमधील दंतचक्रांवर ताण येतो.

मग पाटे वाढवून मिळते काय? एक म्हणजे मोठ्या चाकाला मडगार्डमध्ये फिरायला जागा. दुसरे म्हणजे बांध, ओढा, नाला ओलांडताना लागणारे कोन. पुढील बंपर टेकण्याआधी किती उभा चढ चढता येईल, मागचा हौदा टेकण्याआधी किती उतरता येईल आणि बांधाच्या माथ्यावर चासीचा मधला भाग अडकेल की नाही, हे या कोनांवर ठरते. पुढच्या व मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असलेल्या पिकअपच्या चासीखाली मध्यभागी २५० मिलिमीटर मोकळीक असेल, तर चाकांचा घेर सोडून केलेल्या ढोबळ हिशेबाने हा मधला कोन १९ अंश येतो. ५० मिलिमीटर उंची वाढवल्यास तो २२ ते २३ अंशांवर जातो. बांध ओलांडताना हा फरक जाणवतो. चाकोरीत मात्र नाही.

काळ्या मातीच्या चिखलाबाबतही असेच आहे. ही माती भिजली की टायरच्या नक्षीत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. गाडी किती उंच आहे, याच्याशी त्याचा संबंध नसतो. रुंद, खोल आणि मोकळ्या खाचांची नक्षी, योग्य वेळी हवेचा दाब कमी करणे आणि परत भरण्यासाठी सोबत छोटा कॉम्प्रेसर बाळगणे यांचा उपयोग येथे अधिक होतो. (राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, वाटेत मुरूम पडला तर निम्म्या गाड्यांना उंचीची गरजच राहणार नाही, हेही खरे.)

उंची वाढवण्याचे मार्ग आणि त्यांचे दोष

तरीही बांध-ओढ्यांसाठी उंची हवीच असेल, तर मार्ग अनेक आहेत आणि ते सारखे नाहीत.

सर्वाधिक प्रचलित मार्ग म्हणजे आहे त्या संचात एक पाटा वाढवणे. यात उंचीबरोबर कडकपणाही वाढतो. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला, की कडकपणा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. पाट्याची जाडी वाढवल्यास परिणाम याहून तीव्र असतो, कारण कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सहा मिलिमीटरऐवजी सात मिलिमीटरचा पाटा घेतला, तर तो एकटा पाटा सुमारे ५९ टक्के अधिक कडक असतो. मालवाहतूकदाराला हा कडकपणा हवासा वाटतो, कारण भरलेली गाडी बसत नाही. पण रिकाम्या परतीच्या फेरीत हीच गाडी उड्या मारते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कडक पाट्यांची गाडी ओबडधोबड जमिनीवर आपली चाके वरखाली करू शकत नाही. एक चाक खड्ड्यावर अधांतरी राहिले, की साध्या डिफरन्शियलमुळे त्या ॲक्सलची सारी गती अधांतरी चाकालाच मिळते आणि ते नुसते फिरत राहते. फोर व्हील ड्राइव्हचा उपयोग जेथे व्हायचा, नेमका तेथेच तो निकामी होतो. पाट्यांची लवचिकता हा दिसायला साधा, पण उंचीपेक्षा मोलाचा गुण आहे.

जादा पाटा घातल्याने गाडीची परवानाप्राप्त भारक्षमता वाढत नाही, हेही वेगळे सांगायला हवे. नोंदणी पुस्तकावरील वजन चासी, ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर या सर्वांचा विचार करून ठरवलेले असते. पाटा त्यांपैकी फक्त एक भाग आहे.

दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे लांब शॅकल. शॅकल दोन इंचांनी लांब केला, तर गाडी एकाच इंचाने वर येते, कारण पाट्याचे दुसरे टोक जागीच असते. पाट्याचे एकच टोक खाली गेल्याने ॲक्सल किंचित फिरतो. पुढच्या ॲक्सलच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते चाकाच्या तिरप्या बैठकीमुळे. हा तिरपेपणा कमी झाला, की स्टिअरिंग सैल, भरकटणारे होते. पाणंदीत ते जाणवत नाही, अक्कलकोट रस्त्यावर ८० च्या वेगात जाणवते. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये योग्य कोनाची पाचर घालून तो परत मिळवता येतो. बहुतेक ठिकाणी ही पाचर घातलीच जात नाही.

तिसरा मार्ग ठोकळ्याचा. मागच्या ॲक्सल आणि पाट्यांमध्ये लोखंडी ठोकळा ठेवून लांब यू-बोल्टने आवळायचे. मागील बाजूस, एकच, घट्ट बसणारा ठोकळा असेल तर हे चालते. दोन ठोकळे एकावर एक रचू नयेत आणि पुढच्या ॲक्सलला ठोकळा मुळीच लावू नये. ब्रेक दाबल्यावर सर्वाधिक जोर पुढच्या ॲक्सलवर येतो, तो ॲक्सलला पिळतो, आणि ठोकळा या पिळाला तरफेसारखी मदत करतो.

जुन्या जीपवंशीय गाड्यांत पाटे ॲक्सलच्या खालून जातात. ते वर घेतले, की गाडी एकदम पाच-सहा इंच उंच होते. स्पर्धेच्या मैदानात हे दृश्य नेहमीचे आहे. परंतु त्यानंतर स्टिअरिंगच्या दांड्या, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकचे पाइप असे जवळपास सारे नव्याने जुळवावे लागते. पोटापाण्यासाठी माल वाहणाऱ्या गाडीने या वाटेला जाऊ नये.

पुढील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या पिकअपची गोष्ट निराळी. तेथे पुढचा डिफरन्शियल चासीला बांधलेला असल्याने उंचीबरोबर तोही वर जातो. त्याची किंमत मात्र चाकांना गती देणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांना मोजावी लागते. त्यांचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतात, ग्रीस उडून जाते आणि धूळ आत शिरते. टॉर्शन बार असलेल्या गाड्यांत एक बोल्ट आवळून पुढची बाजू उचलता येते. फुकटची वाटणारी ही उंची चाकाच्या खाली जाण्याच्या वावातून कापलेली असते. बोल्ट फार आवळला, की खड्ड्यात चाक खाली उतरत नाही आणि प्रत्येक खड्ड्याला ठोका बसतो.

इसुझू व्ही-क्रॉससारख्या अलीकडच्या पिकअपसाठी ऑस्ट्रेलियातील ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन अशा कंपन्या पाटे, कॉइल आणि शॉक ॲब्सॉर्बर एकमेकांशी जुळवून संचच देतात. जुन्या देशी गाड्यांना ही सोय क्वचितच मिळते. म्हणूनच तेथे एक-एक सुटा भाग बदलण्याची आणि बाकीचे तसेच ठेवण्याची चूक वारंवार होते.

ब्रेककडे लक्ष कोणाचे?

उंची वाढवल्यावर पहिल्यांदा तपासायचे ते ब्रेकचे रबरी पाइप. ॲक्सल आणि चासी यांमधील अंतर वाढलेले असते. गाडी उभी असताना पाइप पुरेसा दिसतो. चाक खड्ड्यात पूर्ण खाली लोंबले, की तो ताणला जातो. त्यामुळे जॅकवर चासी उचलून, चाके अधांतरी लोंबत ठेवून पाइप, हँडब्रेकची केबल आणि शॉक ॲब्सॉर्बरची लांबी पाहावी. मूळ शॉक ॲब्सॉर्बर आखूड पडत असेल, तर पाट्यांची सारी ओढ त्याच्यावर येते आणि तो आतून निखळतो.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेला भाग म्हणजे मागच्या ॲक्सलजवळचा, वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. बऱ्याच पिकअपमध्ये तो असतो. एका दांडीने तो ॲक्सलशी जोडलेला असतो. हौद्यात माल भरला की चासी ॲक्सलजवळ येते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला अधिक दाब मिळतो. रिकाम्या गाडीत तो कमी होतो, जेणेकरून मागची चाके लॉक होऊन गाडी घसरू नये. आता गाडी दोन इंच उंच केली आणि ही दांडी तशीच ठेवली, तर टनभर माल भरूनही व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते. मागचे ब्रेक अर्ध्याच ताकदीने लागतात आणि सारा भार पुढच्यांवर पडतो. गाडी थांबते, पण उशिरा थांबते. चालक मात्र दोष ब्रेक शूला देतो. उंची वाढवणाऱ्या गॅरेजला या व्हॉल्व्हबद्दल आधी विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर दुसरे गॅरेज शोधावे.

प्रोपेलर शाफ्टचेही तेच. त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन एकमेकांशी जुळलेले असावे लागतात. उंचीमुळे ते बिघडले, की ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. पिकअपचा शाफ्ट लांब असल्याने आखूड जीपच्या मानाने हा त्रास कमी होतो, इतकाच दिलासा.

उलटण्याच्या धोक्याचा विचार तर क्वचितच केला जातो. दोन चाकांमधील रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले, की गाडी किती स्थिर आहे याचा एक ढोबळ आकडा मिळतो. रुंदी १४०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर असेल, तर तो आकडा एक. गुरुत्वमध्य १०० मिलिमीटरने वर गेला, की तो सुमारे ०.८८ वर येतो. त्यात हौद्यावर कडब्याच्या पेंढ्या किंवा डाळिंबाचे क्रेट उंच रचले, तर आणखी खाली. ओढ्याच्या तिरप्या उतारावर हा आकडा कागदावरचा राहत नाही.

पुराच्या पाण्याबाबतही भ्रम नको. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने जिल्ह्याला दिलेला तडाखा ताजा आहे. वाहते पाणी गाडीला बाजूने ढकलते आणि काही प्रमाणात उचलतेही. दोन इंचांनी त्यात फरक पडत नाही. ॲक्सलची हवा सोडणारी ब्रीदरची नळी वर नेलेली नसेल, तर साध्या ओढ्यातील पाणीही तापलेल्या डिफरन्शियलमध्ये शोषले जाते आणि तेलाचे दही होते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावताना मूळ रचनेत फेरफार केलेल्या वाहनांची नोंदणी करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनुज्ञेय नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मालवाहू म्हणून नोंदलेल्या आणि आठ वर्षांहून जुन्या गाडीला योग्यता प्रमाणपत्रासाठी दरवर्षी उभे राहावे लागते. मनाजोगे मोठे टायर आणि सहा इंचांची उंची लपवण्याची सोय तेथे नसते.

खासगी शेतात किंवा बंदिस्त मैदानावर गाडी फिरवण्याचा प्रश्न वेगळा. कुंभारीची पिकअप मात्र माल घेऊन बाजार समितीकडे जाते, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर येतेच. अपघात झाल्यास विमा कंपनीचा निरीक्षक गाडी पाहतो, आणि न कळवलेला बदल हे दावा अडवण्यास सबळ कारण ठरू शकते. जखमी झालेल्या दुसऱ्या माणसाच्या भरपाईचा बोजा मालकाच्या अंगावर येण्याचीही शक्यता असते. मूळ प्रतीचे नवे पाटे, बुश, शॉक ॲब्सॉर्बर बसवणे ही दुरुस्ती आहे. पाटे ॲक्सलच्या वर घेणे हा फेरफार आहे. या दोहोंमध्ये कोठेतरी बसणारे बदल करण्याआधी सोलापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करणे आणि विमा कंपनीला कळवणे श्रेयस्कर.

हे सर्व ध्यानात घेता, जुन्या मालवाहू पिकअपसाठी पहिला खर्च नव्या पाट्यांवर आणि बुशवर, दुसरा कंपनीने त्याच गाडीसाठी मान्य केलेल्या मापातील चांगल्या नक्षीच्या टायरवर आणि तिसरा ओढून काढण्यासाठी पुढे-मागे पक्क्या हुकांवर व्हावा, असे दिसते. त्यानंतरही बांधावर चासी टेकत असेल, तर इंच-दीड इंचाचा प्रश्न चर्चेला घ्यावा. पाटे कोणतेही घाला, यू-बोल्ट मात्र नवेच घ्यावेत. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तितका आवळत नाही. नवा संच पहिल्या काही फेऱ्यांत दबून बसतो, तेव्हा सुमारे ५०० किलोमीटरनंतर सारे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, आणि त्याच वेळी हेडलाइटचा झोत खाली करून घ्यावा. पुढून उचललेल्या गाडीचा झोत समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या थेट डोळ्यांत जातो.